बाई ध्रुवावर गेल्या नव्हत्या

बाई,

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. फाटकावर फ्लेक्स लावला होता, पार फाट्यावरून दिसेल एवढा. त्यात तुम्ही लाल जाकिटात उभ्या आहात आणि तुमच्या शेजारी पेंग्विन आहेत. एक नाही, तीन. 'पेंग्विन दक्षिणेकडचे, मी गेले उत्तरेला, तिथे ते शोधूनही सापडायचे नाहीत,' हे तुम्ही आठवीच्या पोरांना किती वेळा सांगितलं असेल! फ्लेक्सवाल्याला कोणी सांगितलं नाही, कारण फ्लेक्सची ऑर्डर देणाऱ्यांतलं कोणी तुमच्या तासाला कधी बसलंच नव्हतं. खाली ठळक अक्षरांत ओळ होती: 'ध्रुवावर पाऊल ठेवणाऱ्या खान्देशकन्या सोनवणे बाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फोटो. तुमचा एक, त्यांचे नऊ.

मला शिसारी आली. ती त्यांची आलीच, पण निम्मी माझी स्वतःचीही होती. ती ओळ माझी आहे. तीन वर्षांपूर्वी तुम्ही परत आलात तेव्हा आमच्या छापखान्यात मीच ती पत्रकात जुळवली, मीच छापली आणि ती पत्रकं मीच एरंडोलच्या बसस्थानकावर वाटली. ती खोटी आहे हे तुम्ही मला त्याच दिवशी सांगितलं होतं. 'दुरुस्ती छाप,' एवढी एकच गोष्ट तुम्ही माझ्याकडे मागितली. तीन वर्षं मागितली. मी छापली नाही, आणि तुम्ही गेलात.

तुम्हाला माहीत आहे, मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. बाबा मोर्चाची, जयंतीची, शिबिरांची पत्रकं छापायचे आणि वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर मी बाराखडी गिरवायचे. पत्रकात शंका नसते. 'बहुधा' नसतं, 'जवळजवळ' नसतं. जे असतं ते ठळक, आणि शेवटी उद्गारचिन्ह. तुमच्या वर्गात मी आले तेव्हा निबंधही तसाच लिहायचे. तुम्ही वहीत लाल शाईने लिहिलं होतं, 'आवाज चांगला आहे. पुरावा कुठे आहे?' तेव्हापासून तुम्ही मला पत्रकवाली म्हणायला लागलात. छापखान्याच्या दारातून आत डोकावून विचारायचात, "काय वं पत्रकवाली, आज कोना नंबर शे?" त्या दिवशीच्या पत्रकात मी ज्याला झोडपलं असेल त्याचं नाव सांगायचे. तुम्ही स्टूल ओढून बसायचात, कच्ची प्रत वाचायचात आणि पेन्सिलीने तीनचार शब्दांखाली रेघ मारायचात. ते शब्द नेमके मला सगळ्यात आवडलेले असायचे.

मोहिमेचा अर्जही आपण तिथेच भरला. परदेशातली एक संस्था शाळेतल्या शिक्षकांना आपल्या शास्त्रज्ञांबरोबर जहाजावर नेते, समुद्रावरचा बर्फ मोजायला. जाऊन मदत करायची आणि परत येऊन शिकवायचं, एवढीच अट. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा तुम्ही ते तीनदा वाचलंत आणि म्हणालात, "यांचं काही चुकलं नसेल ना गं?" मग परवानगी मागायला आपल्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांकडे गेलात. पुढची गोष्ट तुम्ही सांगताना हसायचात, मला कधी हसू आलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "बाई, बर्फच पाहायचा ना? मग रसवंतीवर जा की. अख्खी लादी ठेवतो तो." सगळे हसले. तुम्ही म्हणालात, "ती मोजून झाली, साहेब. आता दुसरी मोजायची आहे." परवानगी द्यायला त्यांनी अडीच महिने लावले. परवा हेच अध्यक्ष माईकवर सांगत होते, "बाईंना आम्हीच पाठवलं." बाई, मी दोन्ही हात खुर्चीखाली धरून बसले होते.

जाण्याआधी तुम्ही कडुनिंबाखाली ती पेटी लावलीत. केळीच्या क्रेटला फळ्या ठोकून, पांढरा रंग देऊन, आत तापमापी. दिवसातून तीन वेळा आठवीच्या पोरांनी पाळीपाळीने तापमान लिहायचं, जहाजावर तुम्ही लिहिणार, आणि परत आल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवून धडा घ्यायचा. पोरांना तुम्ही एकच नियम दिला होता. जे पाहिलं ते लिहा, आणि नाही पाहिलं तर रकाना रिकामा सोडून कारण लिहा.

जहाजावरून तुमचे चारपाच ओळींचे ईमेल यायचे. मी ते छापून शाळेच्या फलकावर चिकटवायचे. शाई गोठते म्हणून सगळे पेन्सिलीने लिहितात. कोणीतरी बंदूक घेऊन अस्वलावर लक्ष ठेवून उभं असतं आणि बाकीचे काम करतात. बर्फाला गिरमिटाने आरपार भोक पाडायचं आणि त्यातून टेप खाली सोडायची. टेपच्या टोकाला पितळी दांडी असते, ती खाली जाऊन आडवी होते. मग टेप वर ओढली की दांडी बर्फाच्या पोटाला अडकते, आणि तेव्हा आकडा वाचायचा. टेप तुमच्या हातात असायची, आकडा तुम्ही मोठ्याने सांगायचात. तुम्ही घरून नेलेल्या बिबड्या, ते ज्वारीचे पापड, दुसऱ्या आठवड्यातच संपल्या, कारण जहाजाचा स्वयंपाकी त्या सुपाबरोबर वाढायला लागला होता.

पण तुम्हाला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एका दिवशी धुकं आलं. अस्वल दिसणार नाही म्हणून सगळ्यांना जहाजावर परत बोलावलं. त्या दिवसाचं एकही माप झालं नाही. मोहिमेच्या प्रमुख, साठीच्या बाई, त्यांनी वही उघडली, दिवसाच्या रकान्यात आडवी रेघ मारली, पुढे 'धुकं' असं लिहिलं आणि चहा प्यायला गेल्या. परत आल्यावर तुम्ही मला हे सांगितलंत तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते. "कोणी ओरडलं नाही गं! कोणी विचारलं नाही की वरिष्ठांना काय दाखवायचं. वीस वर्षं मी नोकरी करतेय, एक रकाना रिकामा ठेवायची माझी हिंमत नाही झाली."

बाई, इतकी माणसं तुम्हाला विचारायची, 'तिथे काय पाहिलं?' तुम्ही त्यांना बर्फ सांगायचात, अस्वल सांगायचात. धुक्याचा दिवस तुम्ही फक्त मला सांगितलात. आणि मी मूर्ख, मला त्यात छापण्यासारखं काही दिसलं नाही.

तुम्ही परत आलात त्या दिवशी पोरांना सकाळपासून रस्त्याच्या दुतर्फा उभं केलं होतं. भादव्याचं ऊन होतं. सातवीतली एक पोर चक्कर येऊन पडली, तिला सावलीत बसवलं आणि तिच्या जागी दुसरी उभी केली, रांगेत फट दिसू नये म्हणून. जीप, हलगी, फेटे. तुम्ही जीपमध्ये चढायला नाही म्हणालात, तर हेडसरांनी हाताला धरून चढवलं. तेवढ्यात कोणीतरी माझं पत्रक तुमच्या हातात दिलं. ते वाचताना तुमचा चेहरा कसा झाला ते मी गर्दीतून पाहिलं. मला वाटलं, आनंदाने.

दुपारी तुम्ही छापखान्यात आलात. हार अजून गळ्यातच होता.

"मी ध्रुवावर गेले नव्हते," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे तेच ना, बाई."

"तेच नाही. ध्रुव तिथून हजार किलोमीटर लांब राहिला. तू लिहिलंस पाऊल ठेवलं. कोणी ठेवलं?"

"लोकांना काय कळतंय? ध्रुव काय आणि ध्रुवाजवळ काय. चांगल्यासाठीच लिहिलंय. पोरींना बळ येईल."

तुम्ही हार काढून स्टुलावर ठेवलात. "दुरुस्ती छाप," म्हणालात आणि गेलात. मला राग आला. माझं पत्रक चुकूच शकत नाही असं मला वाटायचं, कारण माझी बाजू बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तापमानाची वही उघडली. एकही रकाना रिकामा नव्हता. रविवार भरलेले. पोळा भरलेला. नाल्याला पूर येऊन शाळा दोन दिवस बंद होती, तेही दोन दिवस भरलेले. पहिले दहा दिवस सोडले तर सगळं एका निळ्या पेनाने, एकाच बैठकीत भरल्यासारखं. आणि पेटीत तापमापीच नव्हती. ती तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी चेंडू लागून फुटली होती. पुढचे सगळे आठवडे आठवीच्या वर्गाने हेडसरांच्या सांगण्यावरून अंदाजे तापमान लिहिलं होतं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात वही मांडायची होती, म्हणून. ती मांडलीही. पहिला नंबर आला.

तुम्ही पोरांना विचारलंत. त्यांनी काही लपवलं नाही. एकजण उभा राहून म्हणाला, "बाई, तुमनं नाव खराब व्हई, म्हनीसन आम्ही भरी टाकं." तुमच्यावरच्या मायेपोटी भरलं होतं पोरांनी. तुम्ही ओरडला नाहीत. त्यांच्यासमोर बसून अकराव्या दिवसापासून पुढच्या एकेका पानावर तिरपी रेघ मारलीत, खाली 'तापमापी फुटली. नोंद नाही' असं लिहिलंत आणि सही केलीत. मग त्यांना धुक्याचा दिवस सांगितलात. प्रदर्शनाची ढालही तुम्ही स्वतः नेऊन परत दिलीत.

पुढचं सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण शोकसभेत ते कोणी बोललं नाही. तुमच्याकडून विज्ञान काढून घेतलं. ध्रुवाकडे जाऊन आलेली बाई कार्यानुभव शिकवायला लागली, कागदाची फुलं आणि सुतळीच्या पिशव्या. सत्काराला मात्र तुम्हीच हव्या. गणपती मंडळ, महिला दिन, पतपेढीचा वर्धापनदिन, सगळीकडे तुम्हाला शाल आणि नारळ. तुम्ही म्हणायचात, "मला वर्गात तास देत नाहीत आणि मंचावर खुर्ची देतात." हेडसरांनी तुमच्या रेघा मारलेली वही कपाटात टाकली आणि पोरांकडून तिची नवी, स्वच्छ प्रत लिहून घेतली. त्याच चुकीच्या आकड्यांची. परवा ती प्रत तुमच्या फोटोसमोर काचेच्या पेटीत होती. तिच्यावर हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचा हार. बाई, खोट्याला इतक्या भक्तिभावाने हार घालणारी माणसं मी तरी दुसरीकडे पाहिली नाहीत.

विज्ञान काढून घेतलं त्या दिवशी मी तावातावाने तुमच्या घरी आले होते. पत्रक तयार होतं. अध्यक्ष, हेडसर, प्रदर्शनात नंबर देणारे साहेब, एकेकाचं नाव. तुम्ही वाचलंत. कुठेही पेन्सिलीने रेघ मारली नाहीत. म्हणालात, "सगळं खरं आहे. पण आधी तुझं दुरुस्त कर. मग हे छाप."

"बाई, ते पोरांकडून खोटं लिहून घेतात आणि तुम्ही माझा एक शब्द धरून बसलाय?"

"हेडसर मला काय म्हणाले माहितेय? म्हणाले, 'लोकांना काय कळतंय? चांगल्यासाठीच केलंय.'"

मी पत्रक चुरगळून निघून आले. चार महिने तुमच्या घराकडे फिरकले नाही. वाटेत भेटलात तर रस्ता बदलला. माझ्या आयुष्यात मला इतकं कोणी दुखावलं नव्हतं, आणि आज कळतंय की इतकं सरळही कोणी बोललं नव्हतं. पुढे आपण पुन्हा बोलायला लागलो, पण तो विषय मी येऊ द्यायचे नाही. दुरुस्ती छापली तर माझ्या बाकीच्या पत्रकांवर कोण विश्वास ठेवेल, ही भीती होती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगतेय.

तुमच्या शेवटच्या आजारात धुळ्याच्या दवाखान्यात मी आले तेव्हा तुमचा आवाज बसला होता. नाना, तुमचे यजमान, उशाशी बसून संत्रं सोलत होते. तुम्ही खुणेने मला जवळ बोलावलंत. मला वाटलं काही मोठं सांगाल. तुम्ही विचारलंत, "छापलंस?"

मी म्हटलं, "या आठवड्यात छापते, बाई."

तुम्ही डोळे मिटलेत. तुम्हाला ते खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही. मी निघाले तेव्हा खरं बोलत होते, एरंडोलला पोचेपर्यंत खोटं झालं होतं.

तर परवा शोकसभेत शेवटी माजी विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला उठवलं. मी माईकसमोर गेले आणि म्हटलं, "बाई ध्रुवावर गेल्या नव्हत्या. ती ओळ मी लिहिली होती, ती खोटी आहे. आणि या काचेत ठेवलेली वहीही खोटी आहे. बाईंनी रेघा मारलेली खरी वही कपाटात आहे, ती बाहेर काढा."

आधी कोणाला समजलंच नाही. मग हेडसर उठले. "आज तरी नको. मयताचा मान ठेव."

मागून कोणीतरी ओरडलं, "गावाचं नाव कशाला घालवते गं?"

"पोरगी छापखान्याची, हिला भांडायलाच लागतं," आणि हसू. शोकसभेत हसू, बाई.

माईक बंद केला. मी नानांकडे पाहिलं. मला वाटलं, निदान ते तरी मान हलवतील. त्यांनी दाराबाहेर पाटी करून घेतली आहे, 'ध्रुवयात्री निवास'. ते हळूच म्हणाले, "राहू दे ना, पोरी. तिले आते काय फरक पडस?"

अध्यक्षांचा राग आला नव्हता इतका मला त्या वाक्याचा आला. तुम्हाला काय फरक पडतो म्हणे. तीन वर्षं तुम्हाला दुसऱ्या कशाने फरक पडला होता? शाल घेताना तुम्ही प्रत्येक मंचावर पुटपुटायचात, 'ध्रुवावर नाही हो, ध्रुवाच्या अलीकडे', आणि सूत्रसंचालक माईक काढून घ्यायचे. घरातल्या माणसालाही ते ऐकू आलं नसेल, तर तुम्ही किती एकट्या होतात! आणि त्या एकटेपणात माझीही भर होती.

काल सकाळी मी यंत्र सुरू केलं. पहिला मसुदा दोन पानी झाला. त्यात नऊ फोटो, रसवंती, चक्कर आलेली पोर, सगळं होतं. बाबांनी वाचून विचारलं, "ही दुरुस्ती आहे का भांडण?"

"दोन्ही."

"मग दोन पत्रकं काढ. पहिलं दुरुस्तीचं. त्यात दुसऱ्या कोणाचं नाव नको."

शेवटी राहिलं ते एवढंच: 'सोनवणे बाई उत्तर ध्रुवावर गेल्या, असं आम्ही तीन वर्षांपूर्वी छापलं होतं. ते खोटं होतं. त्या ध्रुवापासून बऱ्याच अलीकडे, समुद्रावरच्या बर्फावर, शास्त्रज्ञांबरोबर काम करत होत्या. ही चूक आमची आहे. बाईंनी ती त्याच दिवशी दाखवली होती. आम्ही दुरुस्त करायला उशीर केला.' खाली माझं नाव. उद्गारचिन्ह एकही नाही.

आज बाजार होता. त्याच बसस्थानकावर उभी राहून मी वाटलं. लोकांनी घेतलं, पाहिलं, टाकलं. ओळखीच्या एका मास्तरांनी वाचून विचारलं, "मेल्यावर काढलंस हे, हो ना?" मी म्हटलं, "हो." त्याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही, बाई, आणि यापुढेही नसेल. एकाने त्यात भजी बांधून घेतली. मला लाज वाटेनाशी व्हायला दुपार झाली.

मग पाचोऱ्याच्या गाडीसाठी थांबलेल्या एका म्हातारीने कागद माझ्या हातात परत दिला. वाचता येत नव्हतं तिला. "काय लिखेल शे?" मी वाचून दाखवलं. तिने तुमचं नाव ऐकलं होतं, फ्लेक्स पाहिला होता. ती म्हणाली, "मंग ती तठे करे काय?"

तीन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. काय पाहिलं आणि कुठे उभ्या होतात, एवढंच सगळे विचारत राहिले. मी तिच्या शेजारी बाकावर बसले. भोक कसं पाडायचे, टेप कशी खाली सोडायची, दांडी बर्फाला खालून कशी अडकते, हे हाताने करून दाखवलं. बर्फ किती जाड आहे ते दर वेळी नीट लिहून ठेवलं तर तो वितळतोय की नाही, आणि किती, हे कळतं, तेही सांगितलं. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं. गाडी लागली, तशी पिशवी उचलून उठली.

"म्हंजे मोजाले गयथी ती," ती पायरीवर चढता चढता म्हणाली. "माले वाटनं, फिराले गयथी."